आकडी दुसऱ्याच गोळीची

पावसाळा लागला की कोपरीत काय नि कल्याणात काय, केमिस्टकडे जुलाबाची गिऱ्हाइकं वाढतात. चिठ्ठी अनेकदा नसतेच. ‘पोट बिघडलंय, काहीतरी द्या,’ एवढ्यावर सिप्रो किंवा ओफ्लॉक्सासिनची पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या हातात पडतात. औषधाचं नाव बहुधा उरलेल्या तुकड्यावर राहतं. बहुतेकांचं यात काही बिघडत नाही. अपस्मार असलेल्याला मात्र वर्ष-वर्ष न आलेली फिट येऊ शकते, आणि घरचे फिटच्या गोळीला बोल लावतात.

मेंदूतल्या पेशींना ‘गाबा’ नावाचं रसायन आवर घालतं. फिटच्या काही गोळ्या या गाबालाच बळ देतात. सिप्रोच्या जातीची औषधं नेमकी त्याच्या आड येतात. क्षयावरचं आयसोनियाझिड आणखी आडवाटेने तिथेच पोचतं. गाबा तयार व्हायला बी-६ जीवनसत्त्व लागतं, ते हे औषध निकामी करतं. त्याच्या अतिमात्रेने झटके आले तर उतारा म्हणून बी-६च टोचतात. अर्थात, या भीतीने क्षयाचा कोर्स परस्पर सोडणं हा शुद्ध वेडेपणा. डॉक्टरांना फिटचं सांगितलं की मार्ग निघतो. दुखण्यावरचं ट्रामाडॉल, दम्यावरचं थिओफायलिन, नैराश्यावरचं ब्युप्रोपिऑन हीही फिट आणू शकणाऱ्या औषधांच्या यादीतली.

मला जास्त धास्ती वाटते ती कापराची, कारण त्याला कुणी औषध समजतच नाही. १९३४ साली बुडापेस्टमध्ये मेडुना या डॉक्टराने मनोरुग्णाला तेलातला कापूर टोचला, तो मुद्दाम झटके आणण्यासाठीच! अमेरिकेत मलमात ११ टक्क्यांहून जास्त कापूर चालत नाही. बंगळूरच्या डॉ. थॉमस मॅथ्यू यांनी कापूर आणि निलगिरी तेलानंतर आलेल्या फिट्स नोंदवल्या आहेत. आपल्याकडे करोनात कापूर-ओव्याच्या पुरचुंड्या घरोघरी हुंगल्या गेल्या. फिट आलेल्याला कांदा हुंगवतात, त्याने निदान काही बिघडत तरी नाही.

घोटाळा इस्पितळातही होऊ शकतो. फिटवरचं व्हॅल्प्रोएट चालू असलेल्याला मोठ्या जंतुसंसर्गासाठी मेरोपेनेम लावलं, तर व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी एक-दोन दिवसांत कोसळते. डोस वाढवूनही ती सहसा भरून निघत नाही. मग दुसरं अँटिबायोटिक शोधावं लागतं, नाहीतर तेवढ्या दिवसांपुरती फिटची वेगळी गोळी जोडावी लागते.