वेदना, शल्य आणि विज्ञान

‘वेदना’ म्हटले की मराठी वाचकाला दुखणे आठवते. रोगी वेदना सांगतो व डॉक्टर वेदनाशामक गोळी देतात. परंतु या शब्दाचे मूळ दुखण्यात नसून जाणण्यात आहे. ‘विद्’ म्हणजे जाणणे, अनुभवणे. ‘विद्या’ हा शब्द याच धातूपासून झाला आणि विद्या जाणणारा तो ‘वैद्य’. अर्थात वेदना आणि वैद्य हे एकाच कुळातील शब्द होत.

पालि वाङ्मयात ‘वेदना’ हा शब्द व्यापक अर्थानेच येतो. सुखद, दुःखद आणि सुखही नाही व दुःखही नाही अशी, वेदना त्रिविध सांगितली आहे. पंचस्कंधांतील वेदना ती हीच. प्रतीत्यसमुत्पादात स्पर्शामुळे वेदना आणि वेदनेमुळे तृष्णा उत्पन्न होते, असे सांगितले आहे. येथे वेदना म्हणजे केवळ पीडा मानली, तर पीडेतून हव्यास कसा निर्माण होईल, असा प्रश्न पडतो. सुखद अनुभव टिकावा व दुःखद अनुभव टळावा, ही ओढ म्हणजे तृष्णा, हे ध्यानी घेतले म्हणजे अर्थ उलगडतो.

‘शल्यचिकित्सा’ या शब्दातील शल्य म्हणजे बाणाचे टोक किंवा काटा. शरीरात रुतलेले शल्य उपसून काढणे, हे शल्यचिकित्सकाचे काम. पालित शल्याला ‘सल्ल’ म्हणतात. सुत्तनिपातातील सेल सुत्तात तथागत स्वतःला ‘सल्लकत्त’, म्हणजे शल्य काढणारा, असे म्हणवतात. मज्झिमनिकायात त्यांनी मालुंक्यपुत्ताला विषारी बाण लागलेल्या मनुष्याचा दृष्टांत दिला आहे. बाण कोणी मारला, त्याचे कुळ कोणते, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, असा हट्ट धरणारा मनुष्य उत्तरे मिळण्यापूर्वीच मरून जाईल.

‘विज्ञान’ या शब्दाबाबतही असाच घोटाळा होतो. पालि ‘विञ्ञाण’ म्हणजे जाणीव. ‘चक्खुविञ्ञाण’ म्हणजे नेत्ररोगांचे शास्त्र नव्हे. डोळा आणि रूप यांच्या संयोगाने होणारी जाणीव होय.

आजचे अर्थ जुन्या शब्दांवर लादले, तर पानोपानी पीडाच दिसते आणि धम्म निराशावादी आहे, या आक्षेपाला आपण नकळत बळ देतो. बाबासाहेबांनी पालि शब्दकोश रचण्याचे परिश्रम घेतले होते. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात तो १९९८ साली प्रसिद्ध केला. धम्मग्रंथ वाचताना परिचित वाटणाऱ्या शब्दापाशीच क्षणभर थांबावे व असा कोश उघडून पाहावा.