गाडी तरुण, ब्रेक म्हातारा!

जुन्या मोटारसायकलीचा शौक म्हणजे जुन्या दागिन्यांचाच शौक. टाकीवर नवा रंग चढतो, हॅण्डलला मुलामा मिळतो, शेजारीपाजारी कौतुक करून जातात. या सगळ्या थाटात एका वस्तूकडे मात्र कुणाचेच लक्ष जात नाही. ती म्हणजे ब्रेकच्या आतली रबराची वाटी. अंगठ्याच्या नखाएवढी ही वाटी. पण स्वाराचा जीव तिच्या हवाली!

होंडाची ‘सीबी ७५०’ हीच गाडी घ्या. १९६८ साली टोकियोच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली आणि १९६९ मध्ये विक्रीला निघाली. चार सिलिंडर, ७३६ सी.सी.चे इंजिन आणि ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेग! हे धूड आवरायला जपानी अभियंत्यांनी पुढच्या चाकाला तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक दिला. मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या मोटारसायकलींत असा ब्रेक रूढ करण्याचा मान याच गाडीकडे जातो. आपल्याकडच्या जुन्या जावा, राजदूत, बुलेट या गाड्यांचे ब्रेक तारेचे नाहीतर सळईचे. तार झिजली की डोळ्यांना दिसते. तेलाच्या ब्रेकचे दुखणे आतल्या आत असते.

त्याची करामत शाळेत शिकलेल्या पास्कलच्या नियमाची. हॅण्डलवरच्या मास्टर सिलिंडरातला पिस्टन सुमारे १४ मिलिमीटर व्यासाचा, तर चाकाजवळच्या कॅलिपरमधला सुमारे ३८ मिलिमीटरचा. क्षेत्रफळांचा हिशेब केला, की वरचा जोर खाली सातपटीहून अधिक होतो. बोटांच्या बळावर एवढी गाडी थांबते ती अशी.

पण यातले तेल मोठे तहानलेले! ब्रेक ऑइल हवेतले पाणी सतत शोषून घेते; आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत तर विचारूच नका. डॉट ३ जातीचे ताजे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले, की हाच दंडक १४० अंशांवर येतो. घाटाच्या उतारावर ब्रेक तापला, की तेलाची वाफ होते. वाफ दबते, तेल दबत नाही. मग लिव्हर थेट मुठीला टेकतो आणि गाडी पुढेच जात राहते. शिवाय त्याच पाण्याने पिस्टन गंजतो. गाडी चालवा किंवा झाकून ठेवा, रबर आणि तेल वर्षे मोजतात, मैल नव्हे. म्हणूनच ‘फक्त शंभर मैल चाललेली’ जुनी गाडी पाहून भाळू नये.

दुरुस्ती करायची तर एकच गळका सील बदलून भागत नाही. सगळे रबर एकदम बदलावे. त्यात होज पाइपही आला. तो बाहेरून धडधाकट दिसला, तरी आतून फुगलेला असू शकतो. हाताच्या जोराने तेल खाली जाते, परतताना अडते आणि ब्रेक चाकाला चिकटून राहतो.

कॅलिपरचा अडकलेला पिस्टन काढायची सोपी युक्ती म्हणजे पाइप सोडवण्याआधी डिस्कवरून कॅलिपर उतरवायचा आणि ब्रेकचाच लिव्हर दाबत पिस्टन बाहेर ढकलायचा. कॉम्प्रेसरची हवा मारणारे शूर पुष्कळ भेटतात. पण पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोटे कायमची जायबंदी होतात.

पुढची पारख महत्त्वाची. कॅलिपरमध्ये सील खाचेत बसतो आणि पिस्टनवर घासतो. म्हणून तेथे पिस्टन पाहावा. गंजाचे खड्डे असतील तर तो बदलावा. खाचही खरवडून स्वच्छ करावी, नाहीतर नवा सील आवळला जाऊन पिस्टन पुन्हा अडकतो. मास्टर सिलिंडरचे उलटे. तेथे वाटी पिस्टनवर असते आणि सिलिंडरच्या भिंतीवर घासते. भिंतीला चरे असतील तर नवी वाटी घालणे व्यर्थ; सिलिंडरच बदलावा. तेलाच्या डबीतून आत उतरणारे एक अगदी बारीक छिद्र असते, तेही मोकळे हवे. ते बुजले, की तापून फुगलेल्या तेलाला परत जायला वाट उरत नाही.

धुण्यासाठी पेट्रोल, रॉकेल वर्ज्य. त्याने रबर फुगते. जोडताना सीलला ताजे ब्रेक ऑइलच लावावे, आणि तेही सीलबंद डब्यातले. डॉट ५ हे सिलिकोनचे तेल जुन्या तेलात मिसळू नये. आकडा मोठा म्हणून माल सरस, हा हिशेब येथे लागत नाही. टाकीवर थेंब पडला तर लगेच पाणी ओतावे, नाहीतर हौसेचा रंग उतरलाच!

शेवटी हवा काढायची. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक तेलाच्या बाटलीत बुडवावे. एकाने लिव्हर दाबून धरावा, दुसऱ्याने निपल किंचित उघडून पुन्हा बंद करावे आणि मगच लिव्हर सोडावा. वरची डबी रिकामी पडू देऊ नये. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालते. घरातल्या चिरंजीवांना या कामाला लावावे, ते आनंदाने बसतात. लिव्हर दगडासारखा घट्ट लागला, की तो दोरीने बांधून रात्रभर ठेवावा. सकाळी प्रत्येक सांध्याला बोट लावून पाहावे. बोट कोरडे निघाले तर गाडी आधी अंगणातच, पायी चालण्याच्या वेगाने फिरवावी आणि मागच्या ब्रेकवर पाय तयार ठेवावा.