किराणा घराणे आणि घरचा किराणा

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी आणि त्याचे वडील आमच्या घरी आले. मुलगा आता एकोणतीस वर्षांचा आहे. मराठी घेऊन बी. ए. झाला, वर्गात मागच्या बाकावर बसून कवितांना चाली लावीत असे, आणि पुढे त्याने तोच उद्योग पत्करला. वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. चहा येईपर्यंत ती त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

"सर," ते म्हणाले, "तुमच्या शब्दाबाहेर हा जाणार नाही म्हणून आलो. ह्याच्या मामांनी विम्याच्या कचेरीत जागा पाहिली आहे. दिवाळीपर्यंत होय की नाही ते कळवायचे आहे. स्थळे सांगून येतात. मुलगा काय करतो म्हणून विचारतात. गातो म्हणून सांगितले, की म्हणतात, ते कळले हो, पण करतो काय?"

मुलगा खाली मान घालून हसला. मलाही हसू आले, पण फार वेळ टिकले नाही. कारण वडिलांनी पिशवीतून एक रोजनिशी काढून माझ्यापुढे ठेवली. मुलाने वर्षभराचा जमाखर्च त्यात लिहिला होता.

अशा वेळी आम्ही मास्तर मंडळी काय करतो, तर थोरामोठ्यांचे दाखले देतो. मीही दिले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरज सोडली आणि सौराष्ट्रात चक्क तिकीट लावून गाणे केले. गवयाने राजवाड्यात किंवा देवळात गावे असा दंडक असलेल्या काळात ही गोष्ट केवढी! मग ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ते कोण्या एका संस्थानिकाच्या मेहेरबानीवर नव्हे, तर लोकांच्या पैशावर. मी रंगात येऊन बोलत होतो. वडिलांनी शांतपणे विचारले, "आणि मुंबईच्या त्यांच्या इमारतीचे काय झाले?"

काय होणार? ती कर्जापायी लिलावात गेली. पोस्टातल्या माणसाला हे ठाऊक असेल असे मला वाटले नव्हते. मग बालगंधर्वांचे नाव काढण्यात अर्थच नव्हता. १९१३ साली निघालेल्या त्या मंडळीने महाराष्ट्राला वेड लावले. अत्तरे, रेशमी शालू, गालिचे ह्यांच्या कथा आपण अजून सांगतो. परंतु त्या वैभवाच्या मागोमाग कर्ज आले आणि ते फेडण्यात त्या थोर नटाची किती वर्षे गेली, हे सांगताना आपला आवाज खाली येतो.

तेव्हा दाखले बाजूला ठेवून मी रोजनिशी उघडली. मुलाची परवानगी घेऊन तीतले आकडे येथे देतो, कारण असे आकडे कोणी छापत नाही.

घरी येणारी बारा मुले, दरमहा प्रत्येकी १,००० रुपये. मे महिन्यात कोणी येत नाही, म्हणून अकरा महिन्यांचे १,३२,००० रुपये. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली चार मुले संगणकाच्या पडद्यावरून शिकतात. ती दरमहा ३,००० रुपये देतात. त्यांचे दहा महिन्यांचे १,२०,००० रुपये. कार्यक्रम एकोणीस. त्यांचे मिळून २,८५,००० रुपये आले, पण तबला, पेटी, ध्वनिव्यवस्था आणि प्रवास ह्यांत १,६८,००० गेले; उरले १,१७,०००. दोन एकांकिका आणि एक जाहिरात ह्यांना दिलेल्या संगीताचे ३५,०००. शेवटी एक ओळ होती: 'गाणी (६), ऑनलाइन: २,१४० रुपये.' ही सहा गाणी ध्वनिमुद्रित करायला ७२,००० रुपये खर्च झाले होते. सगळी वजाबाकी करून वर्षाचे ३,३४,१४० रुपये पडत होते. म्हणजे महिना अठ्ठावीस हजारांच्या आत.

"माझे निवृत्तिवेतन ह्याहून जास्त आहे," वडील म्हणाले. त्यात अभिमान नव्हता. खंत होती.

त्या २,१४० रुपयांवर वडिलांचे बोट टेकले होते. लाख-लाख लोक ऐकतात म्हणता, मग पैसे जातात कोठे? हिशेब असा आहे. स्पॉटिफायसारख्या मंडळ्या एका ऐकण्याला अमुक पैसे असा ठरीव दर देत नाहीत. महिन्याला वर्गणी आणि जाहिराती ह्यांतून जे जमते त्यातला आपला वाटा काढून उरलेली रक्कम, त्या महिन्यात एकूण जितकी गाणी वाजली त्या प्रमाणात वाटली जाते. म्हणजे आमचा मुलगा पुण्यात बसून साऱ्या देशातल्या चित्रपटगीतांशी एकाच पंगतीत जेवायला बसतो, आणि वाढप्या पोहोचेपर्यंत पातेल्यात खरवड राहते. शिवाय २०२४ पासून त्या मंडळीने नियम केला, की वर्षात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे काहीच द्यायचे नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी आधी हजार वर्गणीदार आणि वर्षात चार हजार तासांचे पाहणे जमवावे लागते. तेवढे जमेपर्यंत जाहिराती दिसल्या तरी त्यांतले गाणाऱ्याला काही मिळत नाही.

वडिलांनी मान हलवली. "म्हणजे ७२,००० टाकून २,१४० मिळवले. आमच्या पोस्टात असला हिशेब दिला असता तर चौकशी लागली असती."

येथे मुलगा पहिल्यांदा बोलला. "बाबा, पडद्यावरून शिकणाऱ्या चारांपैकी तीन मुलांचे आईवडील गाणे ऐकूनच आले ना?"

मी पुन्हा आकडेमोड केली. तीन मुले, तीन हजार, दहा महिने. झाले नव्वद हजार. म्हणजे गाण्यांचा खर्च भरून निघाला होता, पण भलत्याच खिडकीतून. हे काही नवे नाही. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, वर्षभर दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गीते झाली. त्यानंतर सुधीर फडके गावोगाव त्याचे कार्यक्रम करीत राहिले. नभोवाणीने श्रोता दिला आणि श्रोत्याने मैफल दिली. गाणे हा माल नव्हे, ती दुकानावरची पाटी आहे, असे मी म्हटले. मुलाला ते लागले असावे. ज्याने सहा महिने एकेका चालीवर घालवले त्याला पाटी कशी म्हणवेल? पण वडिलांना पटले.

शिकवणीचेही तसेच. गवई मनातून शिकवणीला कमी लेखतो. परंतु महाराष्ट्रात आज घरोघर जे गाणे टिकून आहे ते शिकवणीवर. विष्णु दिगंबरांच्या मृत्यूनंतर त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि परीक्षांची शिडी बांधली: प्रारंभिक, दोन प्रवेशिका, दोन मध्यमा, दोन विशारद. परीक्षांनी गाणे वाढते का, हा वाद जुना आहे आणि मी त्यात पडत नाही. पण ह्या सात पायऱ्यांनी एक मूल सात-सात वर्षे एका गुरूकडे टिकते, हे शिक्षकाच्या चुलीच्या दृष्टीने केवढे मोठे काम आहे! आकाशवाणीनेही १९५२ च्या सुमारास, केसकरांच्या कारकिर्दीत, ध्वनिचाचणी घेऊन गायकांच्या श्रेणी ठरवल्या तेव्हा मोठमोठे गवई रागावले. पण श्रेणी मिळाली की दर ठरलेला असे आणि मागायची लाज उरत नसे.

ही मागण्याची लाज हाच सगळ्या दुखण्याचा गड्डा आहे, असे मला त्या संध्याकाळी वाटू लागले. आमच्या भाषेतले शब्दच पाहा. बिदागी, म्हणजे निरोप देताना हातावर ठेवायची रक्कम. ती किती, हे देणाऱ्याने ठरवायचे. मानधन, म्हणजे मान आधी आणि धन मागून. पुष्कळदा धन वाटेतच राहते. वर्षासन तर संस्थानांबरोबर गेले. ह्या साऱ्यांत घेणाऱ्याने बोलायचा शब्द एकही नाही. तो शब्द तमाशाकडे आहे: सुपारी. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पुढारी येतात, जत्रेची तारीख आणि रक्कम ठरते, कागद होतो, इसार मोजला जातो. फडमालकाच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज असते, कलावंतांनी उचल घेतलेली असते, ते सुखात आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. पण व्यवहार कागदावर होतो. आम्ही पांढरपेशे मात्र 'तुम्ही द्याल ते' म्हणून मोकळे होतो, आणि मग घरी येऊन कुढत बसतो.

असे मी मोठ्या आवेशाने बोलत असताना पान उलटले आणि डोळ्यांपुढे ही नोंद आली: 'कॉलेज स्नेहसंमेलन. जमा ०. तबला १,५००. रिक्षा ४४०. शाल १, नारळ १.'

ते कॉलेज आमचेच. बोलावणारा मीच. 'अरे, आपल्याच घरचे कार्य आहे, शिवाय चार लोकांच्या कानांवर गाणे जाईल,' हे वाक्यही माझेच. तबलजीला त्याने स्वतःच्या खिशातून पैसे दिले होते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मी विचारलेही नव्हते.

मी पान पुढे उलटले नाही, हे वडिलांच्या लक्षात आले. ते मुद्दाम दुसरीकडे पाहत म्हणाले, "सर, घरात सोळा शाली आहेत. पुण्याला थंडी पडते ती किती?"

मग मात्र आम्ही तिघांनी खाली बसून नीट काम केले. एकोणीसपैकी तेरा कार्यक्रम भाद्रपद ते कार्तिक ह्या तीन महिन्यांत, गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट असे होते; ज्येष्ठ आणि आषाढ कोरडे. तेव्हा त्या तेरांतली चौथाई बाजूला काढून पावसाळ्यासाठी ठेवायची. शिकवणीचे पैसे महिनाअखेर नव्हे, तीन महिन्यांचे आगाऊ घ्यायचे. गाणी वर्षाला सहा नकोत, तीन पुरेत, पण शब्द आणि चाल कोणाची, मुद्रण कोणाचे, हे कागदावर हवे.

ह्या शेवटच्या बाबतीत माझा थोडा उपयोग झाला. मुलाला मर्ढेकरांच्या कविता गायच्या होत्या आणि तो भीत होता. आपल्या कायद्याने कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. मर्ढेकर १९५६ साली वारले, म्हणजे २०१७ पासून त्या कविता मोकळ्या आहेत. बालकवी, तांबे त्याही आधीपासून. कुसुमाग्रज १९९९ साली गेले. तेथे २०५९ संपेपर्यंत परवानगी घेतलीच पाहिजे. आणि चाल स्वतःची असेल तर तिचा हक्क स्वतःचा. १९६० नंतरच्या काळात लता मंगेशकरांनी गायकांना स्वामित्वधन मिळावे म्हणून आग्रह धरला, त्यावरून रफींशी दुरावाही आला, आणि कायद्याने गायकाला तो वाटा मिळायला २०१२ साल उजाडले. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या वाट्याचे स्वामित्वधन सही करूनही सोडून देता येणार नाही असे ठरले. मुलाने जाहिरातीच्या कामाच्या वेळी न वाचता सही केली होती. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे, तिचा तो सभासद नव्हता. अर्ज भरून घ्यायचे वडिलांनी कबूल केले. अर्ज भरण्यात त्यांचा हात कोण धरणार?

केविन केली नावाच्या एका अमेरिकन लेखकाने २००८ साली लिहिले होते, की कलावंताला लाखो श्रोते नकोत, वर्षाला शंभर डॉलर देणारे हजार खरे चाहते पुरेत. मी हे सांगितल्यावर वडिलांनी पेन्सिलीने कोपऱ्यात लिहिले: ३०० घरे, वर्षाला १,०००, तीन लाख. "हजार कशाला? तीनशे घरे तर मी पत्ते वाटताना तोंडपाठ केली होती." वर्षाला चार घरगुती मैफली, वर्गणी आगाऊ, असा तो बेत होता. तीनशे घरे अजून झालेली नाहीत. हा मजकूर लिहीत असताना सत्तेचाळीस आहेत, आणि त्यांत एक आमचे आहे. विम्याची जागा मामांच्या दुसऱ्या भाच्याला मिळाली.

जानेवारीत आमच्या स्नेहसंमेलनाची सभा झाली. मी अंदाजपत्रकात गायनाच्या कार्यक्रमासाठी रक्कम धरली. खजिनदार म्हणाले, "तो तर तुमचाच विद्यार्थी ना? मग पैसे कशाला?" अर्धा तास वाद झाला, तो येथे देत नाही. रात्री मी मुलाला दूरध्वनी केला आणि त्याचा दर विचारला.

"सर, आता तुम्हांला मी काय सांगू..." असे म्हणून तो घुटमळला. पलीकडे काही कुजबूज झाली, आणि वडिलांचा आवाज आला.

"नमस्कार सर. तबला-पेटीसह अठरा हजार. निम्मे आगाऊ. आणि शाल नको."