जळगावच्या कोर्टातून मंत्रालयात

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोन प्रश्न निघतात. मुलीला पुढे शिकवायचे का, आणि शिकवायचे तर ती राहणार कुठे? शिक्षकी पेशात असल्याने आम्ही हे प्रश्न दरवर्षी ऐकतो. म्हणून या वेळी प्रतिभाताई पाटील यांची कारकीर्द वाचकांपुढे ठेवत आहोत.

राष्ट्रपती म्हणून त्यांना सारेच ओळखतात. त्याआधीची वाटचाल मात्र फार जणांना ठाऊक नाही. त्यांचा जन्म १९३४ साली जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून त्यांनी एम.ए. केले, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतली. जळगावच्या कोर्टात वकिली करतानाच महिलांच्या प्रश्नांत लक्ष घातले. १९६२ मध्ये, अवघ्या २७व्या वर्षी, त्या आमदार झाल्या. त्याच वर्षी त्यांनी जिल्ह्यात महिला होमगार्डचे पथक उभे केले.

१९६७ मध्ये त्या उपमंत्री झाल्या. आरोग्य, दारूबंदी, गृहनिर्माण अशी खाती त्यांच्याकडे होती. १९७२ पासून कॅबिनेट मंत्री म्हणून समाजकल्याणासह अनेक खाती सांभाळली. सत्ता गेल्यावर १९७९-८० मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदही निभावले.

त्यांच्या कामातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती वसतिगृहे. नोकरी करणाऱ्या महिलांसाठी त्यांनी मुंबईत आणि दिल्लीत अशी वसतिगृहे काढली. मुलीची हिंमत कमी पडते म्हणून शिक्षण किंवा नोकरी सुटते असे नाही. बहुतेक वेळा सुरक्षित छप्पर नसते म्हणून सुटते, हे त्यांनी ओळखले होते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळामागेही त्यांचा पुढाकार होता. बचत गटांतल्या आपल्या भगिनी त्याला ‘माविम’ म्हणून ओळखतात.

सारेच साधले असे नाही. जळगावात त्यांनी सुरू केलेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला. जून २००७ मध्ये उदयपूरला त्यांनी पडद्याच्या प्रथेचा संबंध मुघलांशी जोडला. त्यावर मुस्लिम संघटनांनी आणि इतिहासकारांनीही हरकत घेतली. आमच्या मते ती हरकत रास्तच होती. मात्र याच प्रतिभाताईंनी राजस्थानच्या राज्यपाल असताना, २००६ मध्ये, धर्मांतरविरोधी विधेयकाला संमती न देता ते परत पाठवले होते. माणसाचे मोल करताना दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

२५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या ७४व्या वर्षी, त्यांनी आपल्या पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानात उड्डाण केले. निवृत्तीनंतर त्या पुण्यातच स्थायिक झाल्या.

त्यांची सुरुवात कायद्याच्या पदवीने झाली. वारसा, निकाह, पोटगी, घरातला छळ, या साऱ्यांत आपल्या भगिनींना कोर्टाची पायरी चढावी लागते. तिथे त्यांचे दुःख त्यांच्याच बोलीत समजून घेणाऱ्या मुस्लिम वकील महिला फार थोड्या भेटतात. पुण्यात आझम कॅम्पसमध्येही विधी महाविद्यालय आहे. गावाकडच्या एखाद्या हुशार मुलीला इथे प्रवेश मिळाला, तर नातेवाइकांनी घराची एक खोली तिला द्यावी, जमातीने वसतिगृहाचा खर्च उचलावा. मंत्री सगळ्याच होणार नाहीत. पण आपला हक्क जाणणारी आणि दुसरीला तो मिळवून देणारी एक मुलगी प्रत्येक मोहल्ल्यात असायलाच हवी.