स्टेपनी नसलेली गाडी

हल्ली पुण्याच्या रस्त्यांवर एका नव्या जातीची मोटारसायकल दिसू लागली आहे. उंच, लांब पायांची, पुढचा मडगार्ड चोचीसारखा वर उचललेला. डांबरी सडक असो की शेताकडची पाणंद, दोन्हीकडे चालणारी. आमच्या सोसायटीत अशा तीन आहेत. त्यांतल्या दोन पत्र्याच्या पेट्या, जाळ्या आणि जादा दिवे यांनी अशा मढवल्या आहेत की लग्नातला घोडा बरा! त्यांनी खडकवासल्यापलीकडचा चिखल पाहिला असेल की नाही, याची मला शंकाच आहे.

तिसरी आमच्या कन्येची. हीरो एक्सपल्स २००. पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची आणि पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर. “पुढचं चाक एवढं मोठं कशाला?” असे आमच्या सौ.नी विचारले. बैलगाडीचे चाक मोठे का असते? लहान चाक खड्ड्यात पडते, मोठे त्यावरून निघून जाते.

२०२४ च्या सप्टेंबरात कन्येने मनालीहून स्पितीतल्या काझाला जायचे ठरवले आणि घरात दोन पक्ष पडले. वाटेत कुंझुमची खिंड आहे, साडेचार हजार मीटरहून उंच. आणि ग्राम्फूपासून पुढची वाट तर वर्षानुवर्षे दगडगोटे आणि ओढे यांसाठीच प्रसिद्ध. मी कोणत्याच पक्षाला मिळालो नाही. फक्त विचारले, “हिची स्टेपनी कुठे आहे?”

आम्ही चेतक चालवणारी माणसे. पंक्चर झाले की स्टेपनी काढायची, नट पिळायचे आणि ऑफिस गाठायचे. मोटारसायकलला ती सोय नाही. त्यातून हिची चाके तारांची आणि आत ट्यूब. म्हणजे पंक्चर झाले की चाक उतरवणे आले. माझी अट एकच: सामानाची यादी नंतर, आधी मागचे चाक पार्किंगमध्ये माझ्यासमोर तीनदा उघडायचे. “बाबा, एवढंच ना!” म्हणत ती खाली उतरली.

पहिल्या वेळेला पावणेतीन तास लागले. एक्सलचा नट सैल केला, चेन उतरवली, चाक बाहेर आले. इथवर सारे सोपे. पण टायरची कड रिमला अशी घट्ट बसलेली की पायाने तुडवूनही हलेना. अखेर शेजाऱ्यांच्या गाडीचा साइड स्टँड टायरवर टेकवून ती गाडी कलती केली, तेव्हा कड सुटली. पुढची मेख वेगळीच. रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हळ असते. समोरच्या बाजूची कड गुडघ्याने त्या पन्हळीत दाबून ठेवली, तरच अलीकडे लिव्हर घालायला ढील मिळते. नुसत्या ताकदीने टायर निघत नाही, ट्यूब मात्र फाटते. ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून बोटे फिरवून खिळा शोधायचा, नाहीतर तोच खिळा पुन्हा दर्शन देतो. आणि ट्यूब आत घालताना तिच्यात थोडी हवा भरायची, म्हणजे ती लिव्हरखाली चिमटत नाही. तिसऱ्या वेळेला पन्नास मिनिटे लागली.

मग यादी निघाली. जादा दिवे मी खोडले. पत्र्याच्या पेट्याही खोडल्या. गाडी पडली की पाय त्यांच्याखाली सापडतो. त्याऐवजी कापडी पिशव्या घेतल्या आणि जड वस्तू खाली, पुढच्या अंगाला बांधायच्या असे ठरले, कारण ओझे मागे गेले की पुढचे चाक हलके होऊन भरकटते. पेट्रोलच्या कॅनवर बरीच वादावादी झाली. मनाली ते काझा सुमारे २०० किलोमीटर, टाकी १३ लिटरची, काझाला पंप आहे. कॅन कशासाठी? पाच लिटर म्हणजे पावणेचार किलो ओझे! हातांपुढच्या ढाली मात्र घेतल्या, त्या पडल्यावर क्लचचा दांडा वाचवतात. जादा क्लच वायर जुन्या वायरीला लागूनच बांधून ठेवली. ट्यूब एकच घेतली, तीही २१ इंची. अडीनडीला ती १८ इंची चाकातही चालते.

उरली चेन. रॉकेल आणि जुना टूथब्रश. पेट्रोल नको, त्याने कड्यांमधली रबरे खराब होतात. इंजिन चालू ठेवून चेन पुसणाऱ्यांची बोटे गेलेली आहेत, तेव्हा चाक हातानेच फिरवावे. आणि या गाडीची चेन ताणून घट्ट करू नये. हिचे मागचे चाक धक्क्यासरशी बरेच वर-खाली होते, त्या हालचालीत चेन आपोआप ताणली जाते. आधीच घट्ट असेल तर बेअरिंगवर येते. चाकाच्या तारांवर पान्याने टिचकी मारली की ताठ तार ‘टण्’ वाजते, सैल बद्द.

वाटेत पंक्चर झालेच. बातलच्या अलीकडे, मागच्याच चाकाला. थंडीत सोल्यूशन लवकर वाळेना, म्हणून तिने २१ इंची ट्यूब घातली आणि काझा गाठले. रात्री खोलीत बसून जुन्या ट्यूबला ठिगळ लावले, मग घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाक पुन्हा उघडून तीच ट्यूब परत घातली. चाळीस मिनिटांत, असे तिचे म्हणणे.