परवाना आणि पियानो

कलेचा इतिहास लिहिताना आपण थोर कलावंतांची आणि भव्य सभागृहांची नोंद करतो. कलावंत जेथे घडतो त्या जागेचा उल्लेख मात्र ओझरताच होतो. ही जागा बहुधा लहान, गैरसोयीची आणि प्रतिष्ठेपासून दूर असते. न्यूयॉर्कमधील ‘फाइव्ह स्पॉट कॅफे’ ही अशीच एक जागा होती. तिची हकीकत संगीतरसिकांइतकीच, सार्वजनिक जीवनात नियमांचे स्थान कोणते असावे याचा विचार करणाऱ्यांनीही लक्षात घ्यावी अशी आहे.

बावरी हा मॅनहॅटनमधील भाग बेकारांचा, बेघरांचा आणि मद्यपींचा म्हणून कुप्रसिद्ध होता. तेथे टर्मिनी बंधूंचे एक साधे मद्यालय होते. जवळच्या रस्त्यावर डोक्यावरून धडधडत जाणारी रेल्वे १९५५ मध्ये बंद झाली आणि पुढे तिचा लोखंडी सांगाडाही पाडण्यात आला. परिसरात उजेड आला; भाडी मात्र स्वस्तच राहिली. त्यामुळे आसपास चित्रकारांनी आणि लेखकांनी बिऱ्हाडे केली व तेच या मद्यालयाचे गिऱ्हाईक बनले. त्यांच्या आग्रहाने १९५६ मध्ये तेथे जॅझ वाजू लागले. ज्या सेसिल टेलरच्या पियानोवादनाला प्रस्थापित क्लबांची दारे बंद होती, त्याला येथे श्रोते मिळाले. हे संगीत कोणी बंदी घातली म्हणून भूमिगत नव्हते. रूढ अभिरुचीने त्याची दखलच घेतलेली नव्हती, इतकेच.

या कॅफेचे खरे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळचा कायदा पाहिला पाहिजे. खाद्यपेये विकणाऱ्या ठिकाणी संगीत वा नृत्य ठेवायचे तर परवाना हवा, असा कायदा न्यूयॉर्क शहराने १९२६ मध्ये केला. १९४० पासून अशा ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो वादक असो वा वाढपी, पोलिसांकडून ओळखपत्र घेणे सक्तीचे झाले. त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागत. पोलिसांनी ते पत्र नाकारले की उपजीविकाच बंद. गायिका बिली हॉलिडे १९४८ मध्ये तुरुंगातून सुटली, तेव्हा कार्नेगी हॉलसारखे विशाल सभागृह तिच्यासाठी तुडुंब भरले. पण त्याच शहरातील लहानशा क्लबात रीतसर नोकरी करण्याची तिला मुभा नव्हती! सभागृहाला हा नियम लागू नव्हता.

पियानोवादक थेलोनियस मंक याचे ओळखपत्र १९५१ मध्ये अमली पदार्थांच्या एका प्रकरणात गेले. ऐन उमेदीची सुमारे सहा वर्षे या कलावंताला स्वतःच्या शहरातील क्लबांत वाजविता आले नाही. त्याची पत्नी नेली हिच्या कमाईवर घर चालले. १९५७ मध्ये पत्र परत मिळाले. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत हॅरी कोलंबी हा त्याचा व्यवस्थापक होता, आणि तो पेशाने शाळामास्तर होता! पत्र मिळताच मंक ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये आला आणि काही महिने तेथेच वाजवीत राहिला. त्याच्या साथीला जॉन कोल्ट्रेन होता. हा सॅक्सोफोनवादक त्याच वर्षी माइल्स डेव्हिसच्या वाद्यवृंदातून निघाला होता आणि व्यसनातूनही बाहेर पडला होता.

मैफल कलावंताला एक संध्याकाळ देते. कॅफेने या दोघांना महिने दिले. रोज रात्री तीच माणसे, तोच पियानो, काल फसलेली जागा आज पुन्हा घेण्याची सवड. सभागृहात तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे हे धाडस परवडत नाही. या जोडीचे त्या नोव्हेंबरातील कार्नेगी हॉलमधील ध्वनिमुद्रण २००५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात सापडले. त्या वादनातील सहजता या रोजच्या बैठकीतून आली होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. पुढे १९५९ मध्ये ऑर्नेट कोलमन याने याच कॅफेत वाजविण्यास प्रारंभ केला, तेव्हा हे संगीत की गोंगाट, असा वाद साऱ्या शहरात पेटला.

शेजाऱ्यांच्या झोपेचे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. तो रास्तच आहे. अमली पदार्थांनी अनेक वादकांचा बळी घेतला, हेही खरे. परंतु ओळखपत्र हिरावून कोणाचे व्यसन सुटले नाही आणि कोणाला शांत झोपही लागली नाही. ओळखपत्रांची पद्धत १९६७ मध्ये संपली. तरी विनापरवाना जागेत तीनपर्यंतच वादक असावेत, तेही तंतुवाद्यांचे किंवा पेटीच्या जातीचे. फुंकवाद्ये व ढोल चालणार नाहीत, असे निर्बंध उरलेच. ते न्यायालयाने १९८६ आणि १९८८ मध्ये रद्द केले. मूळ कायदा मोडीत निघण्यास २०१७ साल उजाडले.

आवाज किती आणि किती वाजेपर्यंत, हे ठरविण्याचा अधिकार समाजाला अवश्य आहे. वाद्य कोणते आणि ते वाजविणारा माणूस कोण, हे ठरविण्याचा अधिकार पोलीस कचेरीला असता कामा नये. या दोहोंतील सीमारेषा पुसली गेली की मोठी सभागृहे तगतात. त्यांच्यापाशी पैसा असतो, वकील असतात. बळी जातो तो कोपऱ्यावरच्या लहान जागेचा, आणि तिच्यासोबत ज्याचे नाव अजून कोणाला ठाऊक नाही अशा कलावंताचा. मंकची सहा वर्षे त्याला कोणत्याही न्यायालयाने परत केली नाहीत.