मनोपचाराचा संवाद आणि युद्धाघात : दोन दूरचित्रवाणी मालिका

युद्धाने मनावर केलेला आघात दाखवावयाचा, तर रणांगण उभे करणे हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. दोन खुर्च्या आणि एक बंद खोली एवढ्यावर तो दाखविणे अवघड. अमेरिकन दूरचित्रवाणीने दोन्ही मार्ग हाताळले आहेत, आणि त्यांतील भेद केवळ तंत्राचा नाही.

कोरियन युद्धावरील ‘मॅश’ या मालिकेचा अखेरचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ रोजी प्रक्षेपित झाला. त्यात शल्यविशारद हॉकआय मनोरुग्णालयात असून डॉ. सिडनी फ्रीडमन त्यास एका बसप्रवासाची आठवण पुनःपुन्हा सांगावयास लावतात. शत्रूची चाहूल लागल्याने बस थांबलेली. एका स्त्रीजवळची कोंबडी ओरडते. हॉकआय तिला गप्प करण्यास दरडावतो. ती स्त्री कोंबडीचा जीव घेते. शेवटी उलगडते ते असे, की ती कोंबडी नव्हतीच. ते त्या स्त्रीचे तान्हे मूल होते. प्रसंगाची परिणामकारकता निर्विवाद होय. तथापि विस्मृत घटना सापडली की रोगी सावरला, ही कल्पना वैद्यकापेक्षा रहस्यकथेस जवळची. आघातग्रस्ताचे दुःख बहुधा विसरता न येण्याचे असते.

हगाई लेवी यांच्या ‘बेतिपूल’ (२००५) या इस्रायली मालिकेवरून एचबीओने २००८ साली ‘इन ट्रीटमेंट’ सादर केली. तीतील वैमानिक ॲलेक्स याने इराकमध्ये टाकलेल्या बॉम्बने मदरशातील मुले मारली गेली आहेत. येथे रहस्य घटनेचे नाही; ती तो आरंभीच सांगतो. आपणास झोप उत्तम लागते, असे त्याचे म्हणणे. पण तोच हृदयविकाराचा झटका येईपर्यंत धावलेला असतो. जे वाणी नाकारते, ते शरीर बोलून दाखविते. जोनाथन शे यांनी व्हिएतनामच्या सैनिकांसंबंधी ‘नैतिक आघात’ ही कल्पना मांडताना वरिष्ठांच्या विश्वासघातावर भर दिला होता. पुढे स्वतःच्या कृत्याने झालेल्या जखमेचाही तीत समावेश झाला. ॲलेक्सची व्यथा या दुसऱ्या प्रकारची. तो पुन्हा उड्डाणास जातो आणि सरावात मरण पावतो. अपघात की आत्मनाश, हा प्रश्न घेऊन त्याचा पिता डॉ. पॉल वेस्टन यांच्यासमोर येऊन बसतो. उपचाराचे असे अपयश दाखविण्याचे धैर्य ‘मॅश’ने केले नव्हते.

एक उणीव मात्र दोहोंत समान आहे. उपचारकक्षात सैनिक येतो, त्याचा पिताही येतो. कोरियन माता केवळ हॉकआयच्या स्मृतीत वावरते, आणि मदरशातील मुलांच्या आईबापांसाठी त्या खोलीत तिसरी खुर्ची मांडलेली नाही.